कात्री कुणावर, कर कुणावर

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांच्या थोडा वर गेला. अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी तो मांडला, तेव्हा त्यात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवलेली होती. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदानं हा चालू खर्च भागवण्यासाठीच एवढं कर्ज काढावं लागणार होतं. रस्ते, धरणं आणि इमारतींसाठीचं कर्ज त्यावर वेगळं. ही तूट कशी भरायची यावर माझ्या परिचयातल्या दोघांचं अजिबात एकमत होत नाही. त्यांतल्या मामांनी सारी नोकरी कोषागारात केली; आता निवृत्त होऊन सोलापुरात राहतात. त्यांची भाची धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. २०२५ च्या दिवाळीनंतर, पुराचा गाळ अजून शेतांतून निघालेला नसताना, दोघांचा जो वाद झाला तो इथे देतो आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मीही बोललो आहे.

मामा: मी चाळीस वर्षं एकच गोष्ट बघितली. मार्च आला की देयकांचा ढीग. ज्या खात्याला वर्षभर पैसे खर्च करता आले नाहीत ते एकतीस तारखेच्या आत सगळं उडवायला बघतं, आणि ज्याचं काम खरंच झालेलं असतं त्या ठेकेदाराला सांगतात, ‘तरतूद संपली, पुढच्या वर्षी या.’ अशा घरात आधी खर्चाला शिस्त लागते. तू कर वाढवायचं म्हणतेस. गळक्या टाकीत वरून आणखी पाणी सोडून काय होणार?

भाची: मामा, शिस्त लावायला माझी हरकत नाही. पण ‘कपात’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर मार्चअखेरची उधळपट्टी असते. प्रत्यक्षात कात्री तिथे चालतच नाही. ती कुठे चालली ते आमच्या जिल्ह्यात येऊन बघा. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या एप्रिलच्या शेवटी मंत्रिमंडळानं तो बंद केला. पुन्हा खरिपाला दोन टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानं भरायचा.

मामा: का बंद केला, तेही सांग. लाखो अर्ज बोगस निघाले. सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, जिथे पीकच नाही तिथे विमा. प्रत्येक अर्जामागे तो भरून देणाऱ्या सुविधा केंद्राला पैसे मिळायचे, म्हणून अर्जांचा पाऊस पडला. हे तुझे शेतकरी नव्हेत, त्यांच्या नावावर जगणारे लोक आहेत. आणि वाचलेला पैसा शेतीतल्या भांडवली कामांकडे वळवायचं ठरलं. याला मी शहाणपणाची कपात म्हणतो.

भाची: बोगस अर्ज करणाऱ्याला पकडायला हवं होतं. त्याच्याऐवजी योजनाच कापली. आणि हप्ता वाढवून थांबले नाहीत. पूर्वी अतिवृष्टीनं तुमचंच शेत बुडालं तर बहात्तर तासांत कळवून वैयक्तिक नुकसानीचा दावा करता यायचा. हंगामाच्या मध्येच पीक गेलं तर वेगळी भरपाई होती. काढणीनंतर रानात वाळत घातलेलं सोयाबीन भिजलं तर तेही धरलं जायचं. २०२५ च्या खरिपात हे सगळं गेलं. राहिले फक्त पीक कापणी प्रयोग. म्हणजे तुमचं पीक वाहून गेलं, पण महसूल मंडळातल्या इतरांचं बरं आलं, तर सरासरीत तुमचं नुकसान दिसतच नाही. विमा काढणाऱ्यांची संख्या खूपच घसरली. आणि त्याच सप्टेंबरमध्ये भूम-परंड्यात, बार्शी-माढ्यात काय झालं ते तुम्ही सोलापुरातून पाहिलंच.

मामा काही बोलले नाहीत. पुराच्या आठवड्यात सीना नदीचं पाणी त्यांच्याही नातेवाइकांच्या घरात शिरलं होतं. वाचणाऱ्याला प्रसंगाचा आवाका कळावा म्हणून दोन आकडे मी इथे ठेवतो: राज्यात ६८ लाख हेक्टरहून जास्त पिकाचं नुकसान झालं, आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं.

भाची: आता हिशेब तुम्हीच मांडा. कपात करून जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट द्यावं लागलं.

मामा: थांब, इथे तू पुस्तकी बोलतेस. पॅकेजचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात सगळं नवं नाही. विम्याची जी भरपाई एरवीही मिळणारच होती, ती त्यात धरलीय. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी साडेतीन लाख म्हणतात. त्यातले ४७ हजार रोख, बाकी तीन लाखांचं काम रोजगार हमीतून. पॅकेजचा कागद वाचायची सवय मला आहे. आणि विमा पूर्वीसारखा असता तरी असा पूर आल्यावर सरकारला मदत द्यावीच लागली असती.

भाची: मान्य. पण मग फरक एवढाच की विमा हा हक्क होता आणि पॅकेज ही मेहेरबानी. हक्क कापला, की माणूस दर वेळी मंत्र्याच्या घोषणेची वाट बघत बसतो.

भाचीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. खर्चात कपात झाली की पैशाची गरज नाहीशी होते, असा एक समज आपल्याकडे आहे. ती गरज फक्त जागा बदलते. सरकारच्या वहीतून निघून ती एखाद्या कुटुंबाच्या उधारीत जाते, सावकाराकडे जाते, बायकोच्या मंगळसूत्रावर जाते. सरकारचा जमाखर्च तेवढा स्वच्छ दिसतो. कपात हाही एक कर आहे, आणि तो बहुतेक वेळा ज्याला विधानसभेत आवाज नाही त्याच्याकडूनच वसूल होतो. पण मामांचंही ऐकायला हवं, कारण त्यांचा पुढचा मुद्दा कर वाढवा म्हणणाऱ्यांना टाळता येण्यासारखा नाही.

मामा: तू कर वाढवा म्हणतेस. कर वाढवायची हिंमत कुणात आहे, सांग. २८ जून २०२४ चा अतिरिक्त अर्थसंकल्प आठव. त्याच भाषणात लाडकी बहीण आली, महिना दीड हजार, आणि त्याच भाषणात मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्क्यांवर आला, पेट्रोलवरचा २६ वरून २५ वर. रक्कम लहान होती, दोनशे कोटींच्या आसपास. पण रीत बघ. एका हातानं कायमचा खर्च जोडायचा आणि दुसऱ्या हातानं उत्पन्न सोडायचं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली, ४४ लाख शेतकरी, वर्षाला साडेचौदा हजार कोटींहून जास्त. ऑक्टोबरमध्ये निवडणूक तोंडावर आली तेव्हा मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ. त्याची भरपाई कंपनीला कोण देतं? सरकारच.

भाची: बघा, टोलमाफीला कुणी ‘रेवडी’ म्हणालं का? २०२२ मध्ये मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हाही कुणी म्हणालं नाही. दीड हजार रुपये बाईच्या खात्यात गेले की मात्र सगळ्यांना तिजोरी आठवते.

मामा: मी बाईच्या पैशाला नावं ठेवत नाहीये, उगीच माझ्या तोंडी घालू नकोस. आमच्या वाड्यात धुणीभांडी करणारी बाई त्या पैशातून पोराची शिकवणी लावते. मी म्हणतो, ती योजना कराविना आली. २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद. महसुली तूट पंचेचाळीस-शेहेचाळीस हजार कोटींची. शेजारी शेजारी ठेवून बघ. उत्पन्न न वाढवता एवढा खर्च आणला की तो कुणाच्या तरी ताटातून निघतो. कुणाच्या निघाला ते तुला ठाऊक आहे.

भाची: हो. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी, एका हप्त्यासाठी वळवले, २०२५ च्या मे महिन्यात. आमच्या कॉलेजची अर्धी मुलं त्या विभागांच्या शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहांवर आहेत. स्वतः सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली.

मामा: मग तू माझ्याच बाजूला आलीस.

भाची: नाही आले. तुम्ही म्हणता, खर्च केला म्हणून हे झालं. मी म्हणते, खर्च केला आणि कर लावला नाही म्हणून झालं. एका गरिबाच्या शिष्यवृत्तीतून दुसऱ्या गरिबाच्या खात्यात पैसे गेले, कारण ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे मागायची कुणाची तयारी नव्हती.

मामा: वाढवला की कर! १० जून २०२५ चा निर्णय. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं. वर्षाला चौदा हजार कोटी जास्त येतील असा अंदाज. हॉटेलवाल्यांनी बंद पाळला.

भाची: आणि तोच कर निवडला, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. आमच्याकडच्या बायकांनी बाटली आडवी करायला मतदान घेतलंय, पोलिसांच्या दारात बसून सह्या गोळा केल्यात. आता त्यांच्याच खात्यात येणारे पैसे राज्यात दारू किती विकली जाते त्यावर टिकणार. उद्या एखाद्या गावानं दुकान बंद करा म्हटलं तर सरकारला मनापासून आनंद होईल का?

मामांकडे याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. राज्यांच्या हातात कराची साधनं थोडी उरली आहेत, हेही खरं. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईची जकात त्याच दिवशी संपली, आणि बहुतेक वस्तूंवरचा दर आता एकट्या राज्याला ठरवता येत नाही. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राकडून मिळणारी भरपाईही थांबली. राज्याकडे राहिलं काय, तर इंधन, मद्य, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. कर वाढवायचा म्हटलं की अर्थमंत्र्यांची नजर दारूकडे जाते ती यामुळेच.

पुढे भाचीनं जे विचारलं, ते घरात विचारायला धाडस लागतं.

भाची: मामा, रागावू नका. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो. तुम्ही कपातीच्या बाजूचे आहात. मग तिथून सुरुवात करायची का? मी २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागले, मला तुमच्यासारखी पेन्शन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप झाला तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, ‘राज्याला परवडणार नाही.’ तुमची परवडते?

मामा (बऱ्याच वेळानं): माझी पेन्शन हे मला दिलेलं वचन आहे. त्या भरवशावर मी बाहेरच्या जास्त पगाराच्या नोकऱ्या सोडल्या. घराचं कर्ज काढलं, तुझ्या मामीचं आजारपण काढलं. ते आता मोडता येणार नाही.

भाची: मोडू नयेच. मी त्याच्याविरुद्ध उभी राहीन. पण पीक विमा हेही वचनच होतं. त्या भरवशावर लोकांनी बियाणं घेतलं, पेरणी केली. शिष्यवृत्ती हेही वचनच आहे. त्याच्यावर पोरगी गाव सोडून वसतिगृहात येते. ज्याचं वचन कायद्यानं आणि संघटनेनं राखलंय त्याच्याजवळ कात्री जात नाही. म्हणून ती दर वेळी त्याच लोकांवर चालते.

मामा: बरं. मग कर कुणावर लावायचा ते बोल. हवेत बोलू नकोस.

भाची: व्यवसाय करापासून सुरू करू. तुम्ही नोकरीभर भरलात. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. महिन्याला दहा हजारांच्या वर कमावणारा दुकानातला नोकरही तेवढेच भरतो आणि हिंजवडीतला लाखांत कमावणाराही तेवढेच. कारण संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्येच मर्यादा आहे. मुळात ती अडीचशे होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं अडीच हजार झाली. त्यानंतर कुणी हात लावला नाही. १९८८ मधले अडीच हजार आणि आजचे अडीच हजार सारखे आहेत का?

मामा: आणि हा कर महाराष्ट्रात कशासाठी आला, ते तुझ्या विद्यार्थ्यांना शिकवतेस का?

भाची: सांगा.

आता मामांचा आवाज बदलला. ते अभिमानानं बोलू लागले.

मामा: वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम द्यायचा प्रयोग त्यांनी करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ. लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर. दुष्काळ ओसरल्यावर प्रश्न आला, ही हमी कायम ठेवायची तर पैसा कुठून? तेव्हा १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं, व्यापाऱ्यानं, डॉक्टरनं भरायचा, आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम. बाकीही काही करांवर रोजगार हमीचा वाटा बसवला. त्यातून जेवढा जमेल तेवढाच पैसा सरकारनं आपल्या बाजूनं घालायचा. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा बीडमधल्या बंधाऱ्यावर जायचा. कुरकुर झाली असेल, पण कर टिकला.

भाची: मग हेच तर मी म्हणतेय! खर्च ठरला, त्याच्यासोबत कर ठरला, आणि कोण देणार, कुणाला मिळणार, हे सांगितलं.

मामा: पुढचंही ऐक, नाहीतर अर्धं सत्य घेऊन जाशील. नव्वदच्या दशकात कर गोळा होतच राहिला आणि रोजगार हमीवरचा खर्च त्याच्यापेक्षा कमी राहिला. कामं कमी निघाली. कराचं नाव रोजगार हमीचं आणि पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मुरायचा. कोषागारातल्या आम्हाला ते दिसायचं. म्हणून मी कराला घाबरतो. लोक एका कारणासाठी देतात आणि सरकार दुसऱ्या कारणासाठी वापरतं. एकदा लावलेला कर कारण संपलं तरी राहतो.

भाची: म्हणजे तुमचं भांडण कराशी नाही, विश्वासाशी आहे.

मामा: माझं भांडण लेखाशीर्षाशी आहे. पैसा कोणत्या शीर्षाखाली जमा झाला आणि कोणत्या शीर्षाखाली खर्च पडला, हे मला एका पानावर दाखव. ३० जून २०२५ ला ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्प मंजूर होऊन चार महिने झाले नव्हते. मार्चमध्ये मांडलेला हिशेब जूनअखेर एवढा बदलत असेल, तर मी कोणत्या भरवशावर जास्त कर देऊ?

मला स्वतःला विचाराल, तर मी भाचीकडे झुकतो. राज्याचं कर्ज मार्च २०२६ अखेर सव्वानऊ लाख कोटींच्या वर जाणार असा सरकारचाच अंदाज होता. ते राज्याच्या सकल उत्पन्नाच्या एकोणीस टक्क्यांच्या आत होतं. इतर मोठ्या राज्यांच्या मानानं ही काही दिवाळखोरी नाही. महाराष्ट्र गरीब राज्य नाही. मुंबई-पुण्यात पैसा आहे आणि त्यातला थोडा जास्त मागणं हा अन्याय नाही. पण मामांची अट मी मनापासून स्वीकारतो. ज्या दिवशी योजना जाहीर होईल त्याच दिवशी तिचा कर जाहीर व्हावा, आणि कराच्या पावतीवर योजनेचं नाव असावं. २८ जून २०२४ ला लाडक्या बहिणीसोबत एखादा कर सांगितला असता, तर मे २०२५ ला वसतिगृहातल्या मुलांच्या पैशाला हात लावायची वेळ आली नसती. ज्या पक्षाला तो कर सांगायची हिंमत नाही त्यानं योजनाही सांगू नये, आणि ज्याला कपात हवी आहे त्यानं कुणाचं काय कापणार ते प्रचाराच्या सभेत, माणसांच्या समोर उभं राहून सांगावं.

मामा: बरं, तुझा व्यवसाय कर वाढवला. संसदेत जावं लागेल त्यासाठी. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत, एकानं तरी मागणी करावी. वाढला समज. पहिले पैसे कुठे जातील?

भाची: पीक विम्यात. वैयक्तिक नुकसानीचा दावा आणि काढणीनंतरचं नुकसान, दोन्ही परत आणायचं. बोगस अर्जदारांवर गुन्हे दाखल करायचे आणि सुविधा केंद्रांचे पैसे अर्जावर न देता पंचनामा झालेल्या शेतावर द्यायचे.

मामा: आणि मोफत वीज? साडेसात अश्वशक्तीचा पंप लावून ऊस पिकवणाऱ्याला आणि एक एकर कोरडवाहू सोयाबीनवाल्याला एकच नियम? कोरडवाहूवाल्याकडे तर पंपच नाही. ते साडेचौदा हजार कोटी जातात कुणाकडे, ते बघ. बिल शून्य झाल्यावर पाणी किती उपसलं ते कोण मोजणार? माझी कात्री तिथे चालेल. तिथे तरी नाही म्हणणार का?

भाची: उसाच्या बाबतीत नाही म्हणणार नाही. पण आधी कर लावा, मग तिथे कापा. उलट केलंत तर कापलेलं तेवढं राहील आणि कर कधीच येणार नाही.

मामा: आणि मी म्हणतो, आधी कापून दाखवा, मग माझ्याकडे मागायला या.